मागच्या दाराचं कुलूप

३ नोव्हेंबर

आत्या,

फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं बाबा ऐकतात. ‘ती दारूच्या अड्ड्यावर गाते’ म्हणून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकल्याला दोन वर्षं झाली. त्यापेक्षा कागद बरा. कागद निदान पूर्ण ऐकून घेतो.

तू विचारलंस, जागा कशी आहे. अड्डा नाही गं. रस्त्यावरून बावीस पायऱ्या उतरल्या की खाली मोठा हॉल. पूर्वी कापडाचं गोदाम होतं. आता दोनशे माणसं बसतात आणि शनिवारी आणखी शंभर उभी राहतात. खिडकी नावालाही नाही. वरच्या मजल्यांवरच्या लोकांनी आवाजाची तक्रार केली म्हणून मालकाने भिंतींना आणि छताला राखाडी स्पंजच्या गाद्या चिकटवल्यात. आत टाळी वाजवली तरी ती तिथल्या तिथे बसते. त्यामुळे माझा आवाज मलाच नवा वाटतो, सगळा आतला आतला. खरं सांगू? मला आवडतो.

आम्ही चौघं. ड्रमवाला, गिटारवाला, मी, आणि की-बोर्डवर मास्तर. मास्तर अकरा वर्षं तिथे आहेत. माझा सूर चढा लागला की माझ्याकडे न बघता भुवई उडवतात, बाकी काही बोलत नाहीत. लोक फर्माइशीच्या चिठ्ठ्या पाठवतात. परवा एकाने लिहिलं होतं, ‘काहीही गा, पण मोठ्याने. बायको बोलतेय.’

एकच गोष्ट डोक्याला ताप झालीय. स्टेजच्या मागे एक बोळ आहे. तिथेच पडदा लावलेला कोपरा, तिथे मी कपडे बदलते, आणि समोरच मागचं दार. ते मागच्या उताराच्या, खालच्या गल्लीत उघडतं. तिथे मामा बसतात, पहारेकरी. साठी उलटलेले, भले गृहस्थ, पण चार जण आले की त्यांना काय आवरणार? तिकीट न काढता लोक तिथून घुसतात. गेल्या आठवड्यात मी पडद्याआड होते आणि एक जण पडदा हातात धरून उभा होता. किती वेळ, देव जाणे. काल दुसऱ्याने मनगट धरलं. मामा मध्ये पडले तर त्यांना ढकलून दिलं. मालकाला सांगितलं तर म्हणतो, “चाहते आहेत गं, कौतुक करतात.”

बाबांना यातलं काही सांगू नकोस. त्यांना आयतं कोलीत मिळेल.

तुझी भिंगरी


९ नोव्हेंबर

भिंगरे,

पत्र वाचून माझं डोकं फिरलं. चाहते म्हणे! त्याच्या घरात शिरून त्याचा पडदा कोणी धरला असता तर त्याला कळलं असतं कौतुक म्हणजे काय ते.

नीट ऐक. दारावर माणूस ठेवून भागत नसतं, दाराला कुलूप लागतं. मालकाला सांग, कुलूप नाही तर गाणं नाही. आणि हे सोमवारी सांगू नकोस, सोमवारी तो ‘बघू’ म्हणेल. शनिवारी सांग, हॉल भरलेला असताना, स्टेजवर चढायच्या आधी. खुर्चीवर बैस आणि उठू नकोस. तीस वर्षं कोर्टात लोकांचे जबाब टाइप केले, त्यातून एवढं एकच शिकले. माणूस शहाणपणाने ऐकत नाही, अडला की ऐकतो.

इकडे तुझ्या बाबाच्या कमरेचं हाड जुळत आलंय. काठी टेकत घरभर फिरतो आणि सगळ्यांच्या चुका काढतो, म्हणजे बरा आहे. तुझं पत्र आलं की पेपर शोधायला म्हणून माझ्या खोलीत येतो. पेपर त्याच्या काखेतच असतो. मी मुद्दाम हळू वाचते.

कुलूप लागलं की लगेच कळव. तोवर मला झोप नाही.

आत्या


१७ नोव्हेंबर

आत्याबाई, जिंकलो!

शनिवारी अगदी तू सांगितलंस तसं केलं. हॉल खच्चून भरलेला, लोक टेबलं बडवतायत आणि मी बोळात खुर्चीवर मांडी घालून बसलेले. मालक आला, आधी हसला, मग ओरडला, मग हात जोडले. मी म्हटलं, “साहेब, कुलूप.” पंधरा मिनिटांत कुठून तरी पैदा केलं. आडवा लोखंडी दांडा आणि त्याला हे एवढं कुलूप, माझ्या मुठीपेक्षा मोठं. किल्ली मालकाने स्वतःच्या खिशात टाकली. मामांकडे दिली तर ते कोणाच्याही विनवणीने उघडतील म्हणे.

मामा हिरमुसले. “दार बंद, मग मी कशाचा पहारेकरी?” म्हणाले. त्यांना आता पुढच्या जिन्यावर बसवलंय. मास्तरांनी दांडा हलवून पाहिला. म्हणाले, “आता आत यायची वाट एक आणि बाहेर जायचीही एकच. मला काही बरं वाटत नाही.” मी म्हटलं, “मास्तर, तुमचा पडदा कोणी धरत नाही.” त्यावर त्यांनी दांडा सोडला. मग म्हणाले, “खरंय पोरी. राहू दे.”

त्या रात्री मी जी काही गायले, आत्या! मागे कोणी नाही हे माहीत असलं की आवाज पाठीतून येतो. आता रोज कपडे बदलायच्या आधी मी कुलूप एकदा ओढून बघते. तुझी अक्कल आणि माझा हट्ट, दोन्ही कामी आलं.

तुझी भिंगरी


१४ डिसेंबर

भिंगरे,

दवाखान्यात फोन लागला. पलीकडचा माणूस म्हणाला, त्या नावाची आहे, शुद्धीवर आहे. फोन दादाने, तुझ्या बाबाने, घेतला होता. त्याने तो ठेवला नाही, तसाच हातात धरून भिंतीला टेकून खाली बसला. त्या कमरेने. मग मला एकटीला उठवेना, शेजाऱ्यांना बोलवावं लागलं.

पेपरात आगीत तेवीस गेले असं लिहिलंय.

त्याला सोडून मला येता येत नाही आणि त्याला प्रवास करू देत नाहीत. कोणाच्या हाताने का होईना, एक ओळ पाठव.

आत्या


१९ डिसेंबर

आत्या,

डाव्या हाताने लिहितेय, अक्षराला हसू नकोस. उजवा तळवा जिन्याच्या कठड्याने भाजला. घशात धूर गेलाय, डॉक्टर बोलू नको म्हणतात. बाकी धड आहे.

मास्तर गेले. ड्रमवालाही.

मी पुढच्या जिन्याने बाहेर आले. नशीब. जास्त लिहवत नाही. बाबांना सांग, जेवते आहे.

भिंगरी


२६ डिसेंबर

बाळा,

तुझं ते वेडंवाकडं अक्षर मी दहा वेळा वाचलं. दादाने मागून घेतलं आणि उशीखाली ठेवलंय. सकाळी विचारत होता, त्या दवाखान्यात जेवायला बरं देतात का.

आता पोलीस येतील, चौकशीवाले येतील, पेपरवाले येतील. माझं ऐक. विचारतील तेवढंच सांग. आपणहून एक शब्द वाढवू नकोस. जबाबात माणूस फसतो ते खोट्याने नाही, जास्तीच्या बोलण्याने फसतो, हे मी रोज पाहिलंय. ‘मी गात होते, आग दिसली, मी बाहेर आले.’ संपलं.

एक विचारायचं होतं. विचारू की नको असं चार दिवस झालं. पेपरात लिहिलंय की बरीच माणसं मागच्या बाजूला सापडली. ते दार त्या दिवशी उघडं होतं ना गं?

आत्या


८ जानेवारी

आत्या,

दवाखान्यातून खोलीवर आले. हात बरा होतोय.

तू उगाच जिवाला लावून घेऊ नकोस. ते कुलूप मालकाने त्याच आठवड्यात काढून टाकलं होतं. लोक धुरानेच गेले, दाराचा काही संबंध नाही. मालक स्वतः भेटायला आला होता. फळं घेऊन आला. ‘तुझं नाव कुठे येणार नाही, तू फक्त विश्रांती घे,’ म्हणाला. जबाबात मी तू सांगितलंस तेवढंच बोलले. साहेबांनी लिहून घेतलं आणि गेले.

एक काम कर. माझी जुनी पत्रं फाडून टाक. तुला पाकिटंसुद्धा जपून ठेवायची सवय आहे. उगाच घरात पसारा कशाला?

भिंगरी


१७ जानेवारी

भिंगरी,

आजचा पेपर माझ्यासमोर आहे. छापलंय ते तसंच उतरवते. ‘मागील दाराला कुलूप असल्याने तेथे चौदा जणांचा मृत्यू. आपल्याला न विचारता पहारेकऱ्याने त्याच दिवशी कुलूप लावल्याचे मालकाचे म्हणणे. पहारेकऱ्याने गुन्हा कबूल केला असून तो अटकेत आहे.’

तू मला खोटं लिहिलंस. का लिहिलंस तेही कळलं. कुलूप लाव हे तुला मी सांगितलं होतं, म्हणून. म्हातारीला झोप लागावी म्हणून तू खोटं बोललीस. नाही लागली झोप. आठ तारखेचं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. दाराचा संबंध नव्हता तर तू पत्रं फाडायला का सांगशील? तरी मी इतके दिवस स्वतःला सांगत राहिले की कुलूप काढलं होतं. ते मी लपवत नाही.

तुझ्या मामांना लिहिता-वाचता येतं का? येत नसेल तर अंगठा कशावर उमटवला हे त्यांनाही माहीत नसेल. असे जबाब मी टाइप केलेत गं. शेवटी एक ओळ असते, ‘वरील जबाब मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे.’ साहेब ती सांगायचेही नाहीत. मी आपली टाइप करायचे आणि कागद काढायचे. किती वेळा खरंच वाचून दाखवला असेल? मी कधी मान वर करून पाहिलं नाही.

तुला ‘विचारतील तेवढंच सांग’ म्हटलं, ते पत्र मला परत घेता येत नाही. आता मी विचारतेय. काय झालं ते सगळं लिही.

आत्या


२४ जानेवारी

आत्या,

मामांना वाचता येत नाही. औषधाच्या बाटलीवरचं माझ्याकडून वाचून घ्यायचे.

सांगते.

शनिवार होता. साडेनऊ वाजले असतील, पहिला भाग संपत आला होता. पुढच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस होता. केकवर ठिणग्या उडवणाऱ्या नळ्या लावतात तशा चार लावल्या होत्या. सगळ्यांना दिसावा म्हणून एकाने केक डोक्यावर उचलून धरला. ठिणगी छताच्या स्पंजला लागली. लोक आधी हसले. त्यांनी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रमातलंच काही असेल असं वाटलं त्यांना. मीसुद्धा दोन ओळी पुढे गायले. मास्तर थांबले तेव्हा मी थांबले.

मग छत ठिबकायला लागलं. पेटलेले थेंब पडत होते, माणसांच्या केसांवर, खांद्यांवर. दिवे गेले. धूर असा खाली उतरला की जणू कोणी अंगावर गोधडी टाकली.

मास्तरांनी माझा हात धरला. “मागून, पोरी, मागून!” अकरा वर्षं ते त्या दाराने आले आणि गेले. कुलुपाचं त्यांच्या डोक्याला माहीत होतं, पायांना नव्हतं. मला डोक्यापासून पायापर्यंत माहीत होतं. ते कुलूप माझं होतं. त्या संध्याकाळीही मी ते ओढून पाहिलं होतं. हात सुटला आणि मी उलटी वळले, पुढच्या जिन्याकडे, जिथे सगळी गर्दी होती तिकडे. खुर्च्यांवरून, कशावरून गेले ते सांगत नाही.

स्टेजजवळची माणसं वादकांच्या मागे गेली. ह्यांना वाट माहीत असणार, असं त्यांना वाटलं असेल. कोणालाही वाटलं असतं.

आत्या, मी गाणारी बाई आहे. माइक नसला तरी माझा आवाज हॉलच्या शेवटच्या टेबलापर्यंत पोचतो. ‘तिकडे कुलूप आहे!’ एवढंच ओरडायचं होतं. मी ओरडले का? रोज आठवून बघते. धूर आठवतो, कठडा आठवतो, वरची हवा आठवते. ओरडल्याचं आठवत नाही.

मालक गल्ल्यावर होता, जिन्याला लागून. सर्वांत आधी तोच बाहेर पडला. मी वर पोचले तेव्हा तो फुटपाथवर उभा होता आणि सारखा खिसा चाचपत होता. मला वाटलं, सिगारेट शोधतोय. नंतर लक्षात आलं, त्याच खिशात किल्ली होती. मामा ओरडत होते, “साहेब, किल्ली द्या, मी गल्लीतून दाराखालून आत सरकवतो!” तो म्हणाला, “कसली किल्ली?” हे मी माझ्या कानांनी ऐकलं. कुलूप शेवटी बंबवाल्यांनी गल्लीच्या बाजूने दार फोडून काढलं.

आता ते म्हणतायत, मामांनी त्या दिवशी लावलं. मामा असे आहेत की कोणी दरडावून विचारलं, ‘तुमची काही चूक नाही का?’ तर ते म्हणणार, ‘असेल साहेब.’

आणि मी खोलीत पडून राहिले. मालकाने आणलेली सफरचंदं खाल्ली. खरंच खाल्ली.

पत्रं फाडलीस का?

भिंगरी


३१ जानेवारी

भिंगरे,

पत्रं फाडली नाहीत. सतरा नोव्हेंबरचं पत्र मी हातात घेऊन शेगडीपाशी उभी होते, हे कबूल करते. दूध उतू गेलं तरी उभीच होते. दादा आला, शेगडी बंद केली आणि माझ्या हातातलं पत्र घेतलं. मग बाकीचीही मागितली. खुर्चीवर बसून सगळी वाचली, माझी उत्तरं काय होती तेही विचारलं. मला वाटलं आता ओरडेल, दोघींना धुऊन काढेल. सगळं वाचून झाल्यावर एवढंच म्हणाला, “त्या पहारेकऱ्याच्या घरी कोण कोण आहे?”

मला माहीत नव्हतं. तुला तरी माहीत आहे का?

त्या पत्रात सगळं आहे. कुलूप कोणी मागितलं, कोणी आणलं, किल्ली कोणाच्या खिशात गेली. आणि पाकिटावर टपालाचा शिक्का आहे, आगीच्या पंचवीस दिवस आधीचा. शिक्क्याला कोणी दरडावू शकत नाही.

ते दाखवलं तर मामा सुटतील. तुझं नावही येईल आणि माझंही. मालकाचा वकील तुला सोलून काढेल. पहिला प्रश्न विचारेल, ‘म्हणजे कुलूप तुमच्या हट्टाने लागलं?’ तुला ‘हो’ म्हणावं लागेल आणि पुढे काही बोलू दिलं जाणार नाही. लोक तेवढंच ‘हो’ लक्षात ठेवतील. बाई अंगावर येणाऱ्यांपासून वाचायला कुलूप मागत होती, दुसरी वाट काढून देणं मालकाचं काम होतं, हे कोणी म्हणणार नाही. मी आत्ताच सांगते, नंतर म्हणू नकोस की आत्याने सांगितलं नव्हतं. सांगायला मी नेहमीच पुढे असते.

दादाला शेजारणीच्या हवाली करून मी शुक्रवारच्या गाडीने निघतेय. पाकीट पोलक्यात शिवून आणते. तू नको म्हणालीस तरी मी ते देणार आहे. पण तू माझ्याबरोबर चललीस तर मला बरं वाटेल.

आत्या


११ एप्रिल

भिंगरे,

पोचले, दोन महिन्यांनी. गाडीत शेजारच्या बाईने पेपर उघडला होता. ‘गायिकेच्या हट्टापायी चौदा बळी.’ माझ्याकडे वळून म्हणाली, “बघा, कशा असतात एकेक.” मी म्हटलं, “हो, माझी भाची आहे.” पुढचे चार तास ती खिडकीबाहेर बघत बसली.

इथेही बातमी पोचलीय. दोन निनावी पत्रं आली, त्यात लिहिलेलं तुला सांगण्यासारखं नाही. दादाने ती फाडली नाहीत. म्हणाला, “असू देत, अक्षर ओळखीचं वाटतंय.” समोरच्या काकूंनी वाटी परत करायला यायचं बंद केलं. वाटी चांगली होती.

साक्ष देताना मी पुढचा कठडा सोडलाच नाही, ते तुला दिसलं का? एवढी वर्षं मी त्या पिंजऱ्याच्या शेजारी बसले, आत कधी उभी राहिले नव्हते. वकिलाने विचारलं, “हा सल्ला कोणी दिला?” मी म्हटलं, “मी.” टाइप करणारी मुलगी थांबली आणि तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बरं वाटलं मला.

मामा सुटले, मालक आत गेला. आज ना उद्या जामिनावर येईल, खटला वर्षानुवर्षं चालेल, हे मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी मामा सुटले.

आता एक बोलते, राग मानू नकोस. साक्षीत तू सगळं वकिलाच्या डोळ्यांत बघून सांगितलंस. पण ‘मास्तरांचा हात सुटला’ म्हणालीस तेव्हा खाली पाहिलंस. पत्रातही तसंच होतं, नुसतं ‘हात सुटला’. मी विचारत नाही. फक्त एवढंच की मला दिसलं.

दादा म्हणतो, घरी ये. मला म्हणाला, तुला लिहायला. मी म्हटलं, तूच लिही. कागद घेऊन बसलाय, बघू.

आत्या


२९ एप्रिल

आत्या,

बाबांचं पत्र मिळालं. तीन ओळींचं आहे, त्यातल्या दोन हवेबद्दल. तिसरी मी कोणाला दाखवणार नाही.

घरी आत्ता येत नाही. खटल्यासाठी बोलावतील तेव्हा इथेच असायला हवं. घरमालकिणीने खोली सोडायला सांगितली, तिच्या दारावर कोणीतरी शेण फासलं होतं. आता एका दवाखान्याच्या धोबीखान्यात काम मिळालंय, चादरी घडी करायचं. यंत्रांचा एवढा आवाज असतो की कोणी कोणाशी बोलत नाही. तिथेच मागे दोन बायकांबरोबर राहते. गाणं विचारू नकोस.

मामांकडे जाऊन आले. घरी बायको आणि एक विधवा लेक आहे. बाबांना सांग. मामा खूप वाळलेत. मला पाहिल्यावर उठून उभे राहिले आणि हात जोडले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लेकीने चहा केला, मला आणि त्यांना. स्वतः मात्र आत जाऊन बसली.

तुला दिसलं ते खरं आहे. हात सुटला नाही. मास्तरांनी घट्ट धरला होता, दोन्ही हातांनी. मला ओढत होते ते मला वाचवायलाच. मी हिसडा मारला. सुटेना म्हणून दुसऱ्यांदा मारला, आणि त्यांच्या छातीवर पाय दिला. मग सुटला. हे पोलिसांना सांगितलं नाही, कोर्टात सांगितलं नाही, तुला लिहिलं नाही. कायद्याने त्याची गरज नव्हती.

परवा मास्तरांच्या बायको माझ्या खोलीवर आल्या. कोर्टात रोज शेवटच्या बाकावर बसायच्या त्या, राखाडी शाल घेऊन. मी उभी राहिले. त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, “तुम्ही त्यांच्याजवळ शेवटी होतात. मला एकच सांगा. ते काय म्हणाले?”

आत्या, मला ‘काही ऐकू आलं नाही’ म्हणता आलं असतं. ‘तुमचं नाव घेतलं’ असंही म्हणता आलं असतं. तेवढी माया माझ्यात आहे. पण ज्या बाईने रोज येऊन शेवटच्या बाकावरून सगळं ऐकलं, तिला मी आणखी एक खोटं कसं देऊ?

मी सगळं सांगितलं. हात, हिसडे, पाय. “मागून, पोरी,” असं म्हणाले ते सांगितलं. त्यांनी विचारलं, “सुटल्यावर?” मी म्हटलं, “सुटल्यावर त्यांनी मला हाका मारल्या. दोनदा. मी चुकीच्या वाटेने चाललेय असं त्यांना वाटलं असेल.”

“आणि तुम्ही?”

“मी वळले नाही.”

पलीकडे धुण्याची यंत्रं चालू होती. मग त्यांनी पाणी मागितलं. मी दिलं. ते सगळं पिऊन त्यांनी भांडं स्वतः विसळून पालथं घातलं, शाल नीट केली.

“सांगितलंत ते बरं केलंत,” म्हणाल्या. “आता मला पुन्हा कधी दिसू नका.”

मी ‘हो’ म्हटलं. त्या गेल्या.

पुढची तारीख जूनमध्ये आहे. त्या येतील, त्यांना यायलाच हवं. मी वकिलांना विचारलंय, मला वेगळ्या दिवशी बोलावता येईल का.

भिंगरी